जुन्या फटफटीची ठिणगी : ती चुकते कशी व सुधारावी कशी

कोणतेंही काम नुसतें करून भागत नाहीं. तें वेळेवर व्हावें लागतें. पेरणी फार आधीं केली तर बीं करपून जातें, आणि फार उशिरां केली तर पीक हातीं लागत नाहीं, हें शेतकऱ्याच्या मुलास कोणीं सांगावयास नको. हाच न्याय यंत्रांसही लागू आहे. भेद इतकाच कीं, शेतांत हिशेब दिवसांचा असतो आणि यंत्रांत तो सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो.

प्रस्तुत लेखांत जुन्या मोटारसायकलीच्या, म्हणजे आपल्याकडील लहानथोरांच्या तोंडच्या फटफटीच्या, इंजिनांत पडणाऱ्या ठिणगीच्या वेळेविषयीं माहिती देण्याचें योजिलें आहे. ह्या वेळेस कारखान्यांतून टायमिंग म्हणतात. ही वेळ चुकली असतां गाडी ओढत नाहीं, तापते, पेट्रोल अधिक खाते, आणि कित्येकदां किक मारणाऱ्याच्या पायास जबर दुखापत करते. खेड्यांतून शहरांत दूध पोंचविणारा, किंवा दूरच्या शाळेंत रोज गाडीवर जाणारा शिक्षक, ह्यांना असा दोष परवडत नाहीं. कार्बोरेटर बदलला, प्लग बदलले, मिस्त्रीही बदलला, तरी गाडी सुधारत नाहीं, अशी तक्रार आपण ऐकतों. पुष्कळदां तिचें मूळ महाग भागांत नसून कामाच्या चुकलेल्या क्रमांत असतें. तो क्रम ध्यानांत यावा, हाच ह्या लेखाचा हेतु.

उदाहरणासाठीं आपण बुलेट गाडी घेऊं. रॉयल एन्फील्ड ही मूळ इंग्लंडांतील रेडिच गांवची कंपनी. तिची युद्धोत्तर काळांतील ३५० सी. सी. ची बुलेट १९४९ सालीं बाजारांत आली. १९५५ सालीं मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढें तीच गाडी आपल्या देशांत तयार होऊं लागली. इंग्लंडांतील धंदा कालांतरानें बंद पडला. मद्रासेंतील मात्र चालूच राहिला, आणि जुन्या धर्तीचें तें इंजिन अनेक दशकें टिकलें. आजच्या नव्या गाड्यांत ठिणगीची वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरविते. तेथें मालकास हात घालावयास बहुधा जागाच नसते. परंतु वडिलांकडून मुलाकडे आलेल्या जुन्या बुलेट महाराष्ट्राच्या गांवोगांवीं अद्याप धांवत आहेत, आणि त्यांची ठिणगी माणसाच्या हातानेंच जुळवावी लागते.

ठिणगी केव्हां पडावी

बुलेटचें इंजिन चार टप्प्यांचें आहे. अशा प्रकारचें चालतें इंजिन जर्मनींतील निकोलस ऑटो ह्यानें १८७६ सालीं तयार केलें. पहिल्या टप्प्यांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीं येतो व पेट्रोल आणि हवा ह्यांचें मिश्रण आंत ओढतो. दुसऱ्यांत तो वर जाऊन तें मिश्रण दाबतो. तिसऱ्यांत पेटलेल्या मिश्रणाच्या दाबानें तो खालीं ढकलला जातो. इंजिनास शक्ति मिळते ती एवढ्या एकाच टप्प्यांत. चौथ्यांत तो पुन्हां वर जाऊन जळालेला वायु बाहेर घालवितो. ह्या चार टप्प्यांत क्रँक दोन पूर्ण फेरे करितो, व ठिणगी एकदांच लागते.

ती दुसरा टप्पा संपतांना, दट्ट्या अगदीं वरच्या टोंकास पोंचतांच पडावी, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु ठिणगी पडतांक्षणीं सर्व मिश्रण एकदम पेटत नाहीं. ज्योत प्लगापासून निघून सिलिंडरभर पसरते, व तिला थोडा अवधि लागतो. हिशेबाच्या सोयीसाठीं हा अवधि सेकंदाचे दोन हजारांश धरूं. इंजिन मिनिटास ६०० फेरे करीत असेल, तर एका फेऱ्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे तेवढ्या अवधींत क्रँक सुमारें ७ अंश फिरतो. तेंच इंजिन मिनिटास ३,००० फेरे करूं लागलें, तर त्याच अवधींत क्रँक ३६ अंश फिरतो. वेग वाढला कीं मिश्रणाची खळबळ वाढून ज्योतही कांहींशी त्वरेनें पसरते, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. तथापि त्यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली ही कीं, ठिणगी दट्ट्या वर पोंचण्याच्या आधींच पडली पाहिजे. दुसरी ही कीं, वेग वाढेल तशी ती अधिकाधिक आधीं पडली पाहिजे.

झोपाळ्याचें उदाहरण घ्या. झोका आपल्याकडे येऊन परत वळतो त्या क्षणीं दिलेला धक्का त्यास दूर नेतो. झोका अजून आपल्याकडे येत असतांच जोरानें ढकलूं गेलें, तर मनगटास हिसका बसतो. आणि तो बराच दूर गेल्यावर हात पुढें केला, तर धक्का वायां जातो. दट्ट्याचेंही तसेंच आहे. मिश्रणाच्या दाबाचा कळस दट्ट्या वरच्या टोंकावरून किंचित् खालीं वळल्यावर यावा, अशा बेतानें ठिणगी आधीं पाडावयाची असते.

ठिणगी उत्पन्न कशी होते

बॅटरीचा दाब प्लगाच्या फटींतून ठिणगी उडविण्यास अगदींच अपुरा असतो. म्हणून गाडींत कॉइल बसविलेली असते. तिच्यांत जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे एकाच लोखंडी गाभ्यावर असतात. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह वाहूं लागला म्हणजे गाभा लोहचुंबक होतो. तो प्रवाह अकस्मात् तोडला कीं चुंबकत्व नाहीसें होतें, व त्या बदलामुळें बारीक तारेंत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ सालीं शोधून काढलेल्या तत्त्वाचाच हा उपयोग आहे. बॅटरी, कॉइल व पॉइंट ह्यांची ही योजना अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग ह्याच्या नांवानें ओळखली जाते.

प्रवाह जोडण्यातोडण्याचें काम पॉइंट करितात. ही दोन लहानशीं धातूचीं तोंडें असतात. एक स्थिर असतें. दुसरें स्प्रिंगेच्या जोरावर त्यास चिकटून राहतें. कॅम नांवाचा उंचवट्याचा तुकडा फिरतांना दुसऱ्या तोंडाच्या टांचेस ढकलतो व पॉइंट उघडतात. येथें एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. ठिणगी पॉइंट मिटतांना पडत नाहीं, ते उघडूं लागतात त्या क्षणीं पडते. म्हणून ठिणगीची वेळ जुळवणें म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण जुळवणें होय.

पॉइंटांच्या जोडीस कंडेन्सर असतो. तो नसेल किंवा बिघडला असेल, तर प्रवाह तुटतांना पॉइंटांमध्येंच ठिणगी उडते, ते जळून काळे पडतात, आणि प्लगावरची ठिणगी दुबळी होते.

बुलेटमध्यें हा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरतो, कारण दोन फेऱ्यांस एकच ठिणगी हवी असते. कॅमच्या मागें दोन लहान वजनें व स्प्रिंगा असतात. वेग वाढला म्हणजे वजनें बाहेर फेंकलीं जातात व कॅमास थोडें पुढें सरकवितात. त्यामुळें ठिणगी आपोआप आधीं पडूं लागते. वेग कमी झाला कीं स्प्रिंगा वजनांस परत ओढून घेतात. वर केलेल्या ढोबळ हिशेबांतील दुसरी गरज ह्या साध्या युक्तीनें भागते.

वेळ चुकल्याचीं लक्षणें

ठिणगी फार लवकर पडूं लागली, म्हणजे कारखान्याच्या भाषेंत टायमिंग ॲडव्हान्स झालें, तर दट्ट्या वर येत असतांच दाब त्याच्या माथ्यावर आदळतो. किक मारतांना इंजिनाचा वेग अत्यल्प असल्यामुळें हा दाब क्रँकास उलट फिरवितो, व किकचा दांडा पायावर उलटा येतो. घोटा मुरगळणें, नडगीस मार बसणें, प्रसंगीं हाड मोडणें हीं त्याचींच फळें. चालू गाडींत चढावर, विशेषतः वरच्या गियरमध्यें, इंजिनांतून धातूवर धातू आपटल्यासारखी टकटक ऐकूं येते. खंबाटकीसारख्या घाटांत ती ऐकूं येऊनही तसेंच रेटीत राहिल्यास दट्ट्याच्या माथ्यास भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. ठिणगी आणखी थोडी आधीं घेतली म्हणजे गाडी जास्त पळते, अशी तरुण मंडळींत एक समजूत आहे. योग्य मर्यादेपलीकडे ती खरी नाहीं. तेथून पुढें शक्ति वाढत नाहीं, फक्त मार वाढतो.

ठिणगी उशिरां पडूं लागली, म्हणजे टायमिंग रिटार्ड झालें, तर दट्ट्या खालीं निघून गेल्यावर दाब येतो. गाडी मंद होते, ओढत नाहीं, पेट्रोल अधिक लागतें. मिश्रण उशिरांपर्यंत जळत राहिल्यामुळें उष्णता सायलेन्सरच्या नळीकडे जाते. तिचें इंजिनाजवळचें टोंक निळें पडतें, व कधीं कधीं सायलेन्सरांतून फटाके वाजल्यासारखे आवाज येतात.

इंजिन तापणें हें मात्र दोहोंचेंही लक्षण आहे. म्हणून नुसतें तापतें एवढ्यावरून निर्णय करूं नये. किक उलटते कीं ओढ नाहीं, टकटक येते कीं फटाके, हें पाहूनच ठरवावें. शिवाय कार्बोरेटरांतून पेट्रोल कमी येणें, ब्रेक चिकटणें, रॉकेल मिसळलेलें पेट्रोल असणें, अशा इतर कारणांनींही हींच लक्षणें उद्भवतात, त्यांचीही शंका आधीं फेडून घ्यावी.

एक चूक दुसरीस झांकते

आतां मुख्य मुद्दा. पॉइंट पूर्ण उघडले असतां त्यांमध्यें जी फट राहते, तिचें माप ह्या बुलेटसाठीं ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे. ही फट व ठिणगीची वेळ ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत असें वाटतें, परंतु त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. फट मोठी केली तर कॅमचा उंचवटा टांचेस आधीं गांठतो, पॉइंट लवकर उघडतात, व ठिणगी लवकर पडते. फट लहान केली तर पॉइंट उशिरां उघडतात व ठिणगीही उशिरां पडते.

हें न जाणल्यामुळें काय होतें तें पाहा. पॉइंटाची टांच कॅमवर घांसून महिन्यागणिक थोडी थोडी झिजते. फट लहान होत जाते, ठिणगी मागें पडत जाते, आणि गाडी सुस्त होते. मालक ती मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री घाईंत फट न मोजतां पॉइंटांची चकती थोडी फिरवून ठिणगी आधीं घेतो. गाडी पुन्हां ओढूं लागते व सर्वांचें समाधान होतें. येथें मूळ दोष सुधारलेला नसून त्यावर दुसरा उलट दोष चढविलेला आहे, हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पुढें कांहीं महिन्यांनीं दुसरा एखादा मिस्त्री किंवा घरचाच मुलगा पुस्तिका वाचून फट मोजतो व ती बरोबर ०.४० करितो. त्याचें काम अगदीं निर्दोष असतें. परंतु फट वाढतांच ठिणगी आणखी पुढें जाते, पूर्वीं फिरविलेली चकती तशीच असते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं किक उलटून मालकाचा पाय दुखावतो. दोष मात्र ज्यानें बरोबर काम केलें त्याच्या माथीं येतो.

म्हणून नियम असा : आधीं फट, मग वेळ. फट बदलली कीं वेळ पुन्हां पाहिलीच पाहिजे. वेळ बदलण्यापूर्वीं फट मोजलीच पाहिजे.

इतर नेहमींच्या चुका

पहिली चूक टप्प्याची. दट्ट्या दोन वेळां वरच्या टोंकास येतो. एकदां दाबण्याच्या टप्प्याअखेर व एकदां वायु बाहेर घालविल्यावर. कॅम अथवा त्याचें दांतेरी चाक काढून पुन्हां बसवितांना ह्या दुसऱ्या टोंकावर बसविलें, तर ठिणगी क्रँकच्या एक पूर्ण फेऱ्याइतकी चुकते. मग कितीही किका मारल्या तरी इंजिन चालू होत नाहीं. फार तर कार्बोरेटरांतून किंवा सायलेन्सरांतून भडका येतो.

दुसरी चूक दांत्यांतील ढिलाईची. क्रँकपासून कॅमपर्यंत गति दांतेरी चाकांतून जाते, व जुन्या गाडींत दांत्यांमध्यें थोडी मोकळीक आलेली असते. इंजिन मागें फिरवून खुणेवर आणलें, तर ती मोकळीक उलट बाजूस जाते व माप खोटें ठरतें. खूण ओलांडली गेल्यास दट्ट्या पुष्कळ मागें न्यावा, व पुन्हां पुढच्या दिशेनेंच खुणेवर आणावा.

तिसरी चूक वजनांची. स्प्रिंगा सैल झाल्या असतील किंवा वजनें गंजून अडकलीं असतील, तर कॅम मुळांतच पुढें सरकून राहतो. अशा स्थितींत जुळविलेली वेळ वेग बदलतांच चुकीची ठरते.

चौथी चूक डोळ्यांची. वरच्या टोंकाजवळ दट्ट्या जवळजवळ स्थिर भासतो. बुलेटमध्यें त्याची एकंदर धांव ९० मिलिमीटर आहे. तरीही टोंकापासून क्रँक ५ अंश फिरला असतां दट्ट्या जेमतेम ०.२ मिलिमीटर उतरतो. म्हणून ‘आतां वर आला असें दिसतें’ एवढ्या अंदाजावर ठिणगी जुळवूं नये, मोजूनच जुळवावी.

दुरुस्तीचा क्रम

काम थंड इंजिनावर करावें. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. पेट्रोलची चावी बंद करावी. लहान मुलांनीं हें काम वडील माणसाच्या देखत करावें. चाक फिरवितांना तें टायरास धरून फिरवावें. आऱ्यांत व साखळीजवळ बोटें मुळींच नेऊं नयेत.

प्रथम पॉइंट पाहावे. ते काळे पडले असतील तर बारीक पॉलिश-कागदानें साफ करून स्वच्छ फडक्यानें पुसावे. खड्डे पडले असतील तर नवे घालावे. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. कॅमास किंचित् ग्रीस लावावें, म्हणजे टांच लवकर झिजत नाहीं. तें पॉइंटांवर जाणार नाहीं इतकेंच बेताचें असावें.

नंतर प्लग काढावा, गाडी सर्वांत वरच्या गियरमध्यें घालावी व मागचें चाक हळूहळू पुढच्या दिशेनें फिरवावें. कॅमच्या उंचवट्यामुळें पॉइंट जास्तींत जास्त उघडतील तेथें थांबून, फीलर गेजच्या पात्यानें फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करावी. पातें किंचित् अडत अडत सरकावें. तें सैल असूं नये व जोरानें कोंबावें लागूं नये. स्क्रू आवळल्यावर फट पुन्हां मोजावी, कारण आवळतांना ती बहुधा बदलते.

मग कॅम बोटांनीं त्याच्या फिरण्याच्या दिशेस किंचित् पिळून सोडावा. तो स्प्रिंगांच्या जोरानें चटकन् जागेवर परत आला पाहिजे. परत न आला किंवा आळसानें आला, तर वजनें व स्प्रिंगा साफ केल्यावांचून अगर बदलल्यावांचून पुढें जाऊं नये.

आतां दाबण्याचा टप्पा शोधावा. प्लगाच्या भोंकावर अंगठा धरून चाक फिरवावें. हवा अंगठ्यास बाहेर लोटूं लागली कीं तो टप्पा आला असें समजावें. बुलेटमध्यें आणखी एक खूण आहे. सिलिंडरच्या उजव्या बाजूचें लहान झांकण काढलें असतां झडपा उचलणाऱ्या काठ्या दिसतात. दाबण्याच्या टप्प्याअखेर दोन्ही झडपा मिटलेल्या असल्यामुळें त्या दोन्ही काठ्या बोटांनीं सहज फिरतात.

पॉइंटांवर चालणाऱ्या ह्या ३५० च्या बुलेटसाठीं माप असें कीं, वजनें आंत मिटलेलीं असतांना, दट्ट्या टोंकास पोंचण्यास ०.८ मिलिमीटर उरला असतां पॉइंट उघडूं लागावे. क्रँकच्या हिशेबानें हें अंतर सुमारें ९ ते १० अंशांचें होतें. डायल गेज मिळाल्यास त्यानेंच मोजावें. तो नसल्यास सायकलचा सरळ तार-आरा उपयोगी पडतो. त्याचें वरचें टोंक वांकवावें, म्हणजे तो आंत पडणार नाहीं. दट्ट्या टोंकास असतांना आऱ्यावर एका स्थिर कडेच्या रेषेंत बारीक खूण करावी, व तिच्या ०.८ मिलिमीटर वर दुसरी खूण करावी. मग दट्ट्या बराच मागें नेऊन पुढच्या दिशेनें वर आणावा, आणि दुसरी खूण कडेशीं येतांच थांबावें. प्लगाचें भोंक तिरकस असल्यामुळें आरा कलूं लागतो. तो प्रत्येक वेळीं एकाच रीतीनें धरावा, नाहींतर माप फसतें. ०.८ च्या जागीं १.६ मिलिमीटर झालें, तर ठिणगी सुमारें ४ अंश आधीं पडेल, आणि किक उलटण्यास तेवढें निमित्त पुरेसें होऊं शकतें.

पॉइंट नेमके केव्हां उघडतात हें डोळ्यांनीं कळत नाहीं. त्यासाठीं हेडलाइटजवळचा ॲमीटर कामास येतो. काढलेला प्लग त्याच्या तारेसह भोंकापासून दूर, इंजिनाच्या धातूस टेकवून ठेवावा. कारण भोंकाशीं पेट्रोलची वाफ असूं शकते व ठिणगी तिला पेटवूं शकते. दिवे बंद ठेवून किल्ली फिरवावी. पॉइंट मिटलेले असतां ॲमीटरचा कांटा उणे बाजूस झुकतो. ते उघडतांच तो मध्यावर येतो. ज्या चकतीवर पॉइंट बसविलेले असतात तिचे स्क्रू सैल करून, कांटा मध्यावर उडी मारील त्या जागीं ती आणावी व स्क्रू आवळावे. पॉइंट उशिरां उघडत असतील तर चकती कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेस सरकवावी. लवकर उघडत असतील तर त्याच दिशेस. बॅटरी उतरलेली असल्यास पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदाची पट्टी पॉइंटांत धरून हलकेच ओढीत राहावें. ती सुटते तोच उघडण्याचा क्षण. मग कागदाचे तंतु पुसून काढावे. काम नसतांना किल्ली उघडी ठेवूं नये, नाहींतर कॉइल तापून बिघडते.

चकती फिरवितांना हात अतिशय हलका ठेवावा. कॅम निम्म्या वेगानें फिरत असल्यामुळें चकतीचा १ अंश हा क्रँकचे २ अंश होतो. चकतीची त्रिज्या २५ मिलिमीटर धरली, तर तिच्या कडेशीं १ अंश म्हणजे अर्ध्या मिलिमीटराहूनही कमी अंतर. भूमितीच्या तासास वर्तुळाचा परीघ काढणाऱ्या विद्यार्थ्यानें हा हिशेब स्वतः करून पाहावा.

शेवटीं क्रँकचे दोन पूर्ण फेरे करून तीच खूण पुन्हां आणावी व कांटा पुन्हां तेथेंच उडी मारतो कीं नाहीं तें पाहावें. दर वेळीं निराळ्या जागीं उडी मारीत असेल, तर कॅमचा दांडा किंवा त्याचें बुश झिजलें आहे असें समजावें. तें बदलल्यावांचून कोणतेंही जुळवणें टिकणार नाहीं. सर्व ठीक असल्यास प्लग बसवावा व गाडी चालू करावी. पायांत मजबूत जोडा असावा व किक पुरी खालपर्यंत दाबावी. मग चढावर वरच्या गियरमध्यें चालवून टकटक येते कीं ओढ कमी पडते हें पाहावें.

हीं सर्व मापें पॉइंट असलेल्या ३५० च्या बुलेटचीं आहेत. येझ्दी, राजदूत वगैरे गाड्यांचीं इंजिनें दोन टप्प्यांचीं. त्यांचीं मापें निराळीं, आणि तीं त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंतूनच घ्यावीं. क्रमाचें तत्त्व मात्र सर्वत्र एकच राहतें.

उपसंहार

ह्या कामास महाग हत्यारें लागत नाहींत. फीलर गेज, सायकलचा आरा, एक पेंचकस व पाना एवढ्यावर तें होतें. लागतो तो धीर. प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदललेली गोष्ट पुन्हां मोजावी, आणि फट किती होती व किती केली, चकती कोणत्या दिशेस सरकविली, हें तारखेसह एका वहींत टिपून ठेवावें. पुढच्या खेपेस गाडी दुसऱ्याच्या हातीं गेली तरी त्या वहीवरून पूर्वींचा बदल त्यास कळेल, आणि दोन मिस्त्र्यांच्या दोन चुका एकमेकींस झांकून बसणार नाहींत.

पालकांसही एक विनंति आहे. घरची जुनी गाडी बिघडली म्हणजे ती लगेच भंगारांत काढण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं मुलांस जवळ घेऊन तिचे पॉइंट उघडून पाहावे. पुस्तकांतील फॅरडेचा नियम, वर्तुळाचे अंश, आणि मिलिमीटराचे दशांश हे तिघेही तेथें एकाच झांकणाखालीं सांपडतात. आणि दुसऱ्या दिशीं सकाळीं पहिल्या किकेस इंजिन शांतपणें धडधडूं लागलें, म्हणजे तो हिशेब बरोबर आला कीं नाहीं, हें विचारावयास कोणाकडे जावें लागत नाहीं.